वैनीला खुर्ची दिली तेव्हा

या, अशा जवळ या. इतक्या लांब बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि आज मला तुम्हांला थोडं रागवायचं आहे. थोडंच, मग चहा टाकते. दादरच्या त्या हॉलमधल्या कार्यक्रमाला तुम्हीही होतात ना? पडद्यावर आमच्या वैनीचा फोटो आला, त्याला फुलांची चौकट, आणि माइकपाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “पद नसतानाही नेतृत्व कसं करावं, ते यांच्याकडून शिकावं.” तुम्ही टाळ्या वाजवल्यात. चांगल्या कडकडून वाजवल्यात. अहो, फोटोकडे जरा नीट बघायचं तरी! फोटोत ती खुर्चीवर बसली होती, पदराला बिल्ला लावला होता, मागे काचेची केबिन. सबंध आयुष्यात तिला पद मिळालं ते तेवढेच दोन-तीन महिने. आणि तेवढ्याच महिन्यांत तिचं कोणी ऐकत नव्हतं!

तिचं खरं रूप मी सांगते. मांडीशी पोळपाट, कोपरापर्यंत पीठ, आणि कपाळावर आलेली बट उलट्या मनगटाने मागे सारायची. बोटं कणकेची, म्हणून मनगट. ते मनगट वर गेलं की आमच्या लांबड्या खोलीतली लाटणी आपोआप थांबायची. वैनी काहीतरी बोलणार! बोलायची काय, तर “मला काय कळतंय गो, पण...” त्या ‘पण’च्या पुढे जे यायचं ते ठरलं म्हणून समजायचं. मग अध्यक्ष येवोत नाहीतर आणखी कोणी.

ही आमची संस्था गिरगावात, खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर, एका चाळीच्या तळमजल्यावर. बायकांनी बसून पोळ्या लाटायच्या, थालीपिठाची भाजणी करायची, दिवाळीत फराळ. वैनी लालबागहून बसने यायची. मूळची मालवणकडची. मी तिच्यासमोर बसायची, कितीतरी वर्षं. संस्थेचं नाव सांगत नाही, आणि तिचंही नाही. तिला सगळ्या वैनीच म्हणत, तिच्याहून मोठ्या होत्या त्यासुद्धा.

एकदा शैला आणि दुसऱ्या एकीची खिडकीजवळच्या जागेवरून जुंपली. शैलाची जीभ म्हणजे कातण; करंजीची कड कापावी तशी माणूस कापते. दोघी बोलायच्या थांबल्या, मग दोघींच्या बाजूच्याही थांबल्या. आठवडाभर खोलीत लाटण्यांशिवाय आवाज नाही. कमिटीवाल्यांनी येऊन एकजुटीवर भाषण दिलं, त्याने काही झालं नाही. एका सकाळी वैनी लवकर आली आणि आपला पोळपाट उचलून थेट शेगडीपाशी जाऊन बसली. सगळ्यांत तापदायक जागा.

शैला म्हणाली, “वैनी, तिकडे कशाला भाजून घेताय?”

“मला काय कळतंय गो, पण गुडघ्याला शेक बरा वाटतो.”

दुपारी शैलाने तिला हाताला धरून उठवली आणि खिडकीशी आपल्या जागी बसवली. स्वतः शेगडीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी जिच्याशी भांडण होतं ती शेगडीपाशी गेली. मग पाळीच लागली. कोणी कोणाला ‘चुकलीस’ म्हटलं नाही.

आणखी एक सांगते. आमच्या सेक्रेटरीबाई दादरच्या, शिकलेल्या, आवाज गोड. वाईट नव्हत्या हो, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी आमच्यासाठी सारख्या साड्या आणल्या, गुळगुळीत, नायलॉनसारख्या. “एका रंगात किती छान दिसाल!” म्हणाल्या. शेगडीपाशी तसली साडी नेसायची म्हणजे जिवाशी खेळ, पण बोलणार कोण? सगळ्यांनी वैनीकडे बघितलं. मनगट वर गेलं.

“साडी फार सुंदर आहे, बाई. तुम्हांलाच खुलेल. एक दिवस नेसून ह्या शेगडीपाशी बसा, मग आम्ही घेतोच.”

बाई स्वतः हसल्या. साड्या परत गेल्या. पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट पाहिली, की आम्ही आधी बघितलं कोणाकडे. आणि तिथेच घात झाला.

त्याआधी कुसुमताईंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरूनच घडलं. कुसुमताई आमच्यात वयाने मोठ्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, वाडीच्या मागच्या अंगाला एक खोली. सकाळी आमच्यात येऊन बसणं हाच त्यांचा संसार. अलीकडे त्यांचे हात कापायला लागले होते. पोळी जमायची, पण एक होईपर्यंत आमच्या तीन व्हायच्या. वैनी त्यांच्या शेजारी बसायची, आणि मध्येच एक पोळी, हात चुकल्यासारखी, कुसुमताईंच्या चवडीवर पडायची. वैनी तिकडे बघायचीही नाही. मग पलीकडून शैलाचा हात चुकायला लागला. मग माझा. एकमेकींशी त्याबद्दल आम्ही चकार शब्द बोललो नाही. संध्याकाळी कुसुमताई आपल्या चवडीकडे बघून म्हणायच्या, “आज जमलं हो माझं.”

“तुमचं कधी जमत नाही?” वैनी म्हणायची.

तर बाईंनी वैनीला सुपरवायझर केलं. म्हणाल्या, “नाहीतरी तुमचंच ऐकतात, मग रीतसर होऊन जाऊ दे.” आम्ही पेढे वाटले. वैनी म्हणाली, “मी लाटत लाटतच बघीन.” बाई म्हणाल्या, “सुपरवायझरने लाटायचं नसतं. खाली बसलं की शिस्त राहत नाही.” कोपऱ्यात काचेची केबिन उभी केली, फिरती खुर्ची आणली, बिल्ला लावला. फोटो काढला. तोच तुम्ही बघितलात.

माझं डोकं फिरतं ते इथे. अहो, त्या बाईचा शब्द चालायचा कशावर? तिचे हात आमच्याच परातीत होते त्यावर! कणीक मळताना एखादी सुस्कारा टाकायची आणि वैनीला कळायचं, हिच्या घरी काहीतरी बिनसलंय. काचेच्या आत सुस्कारा कुठून ऐकू जाणार? ती बाहेर फेरी मारायला आली की शैला पुटपुटायची, “गप बसा गो, मॅडम आल्या.” थट्टाच होती, पण दर वेळी केली की थट्टा राहत नाही. वैनी बट मागे सारायची ती आता बोटांनी, स्वच्छ बोटांनी. कोणाचं लाटणं थांबायचं नाही.

त्यात नवा नियम आला, प्रत्येकीच्या पोळ्या वेगळ्या मोजायच्या. मी एकदा कुसुमताईंच्या चवडीवर एक सरकवली, तर शैलाने माझा हात धरला. “काचेतून बघतेय ती.” कोण बघतेय? वैनी! जिने हे सुरू केलं तिच्यापासूनच आम्ही ते लपवायला लागलो. तीच माणसं, तीच खोली, मध्ये एक काच आणि एक बिल्ला, एवढ्याने असं होतं. आणि ही काच बसवणाऱ्यांना तुम्ही हॉलमध्ये बोलावून व्याख्यानं द्यायला लावता!

कुसुमताईंची चवड खाली खाली गेली. मोजणीत दिसली. आणि एका दुपारी बाई केबिनमध्ये आल्या. दार अर्धं उघडं होतं, म्हणून ऐकू आलं.

“कुसुमताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा. तुम्ही सांगितलंत तर त्या रडणार नाहीत. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा.”

ऐकलंत? विश्वास आहे, म्हणून! वर्षानुवर्षं कणकेत हात घालून मिळवलेला विश्वास, तो त्याच म्हातारीला बाहेर काढायला वापरायचा. त्यासाठीच ती खुर्ची होती, असं मी म्हणते. बाईंना स्वतःला कळलं नसेल, पण त्यासाठीच होती.

वैनी बाहेर आली. कुसुमताईंसमोर उभी राहिली. आम्ही माना खाली घातल्या; ऐकवणार नव्हतं. तर ती खाली बसली. बिल्ला लावलेलाच. हात धुतले नव्हते म्हणून उठून धुवून आली, आणि पुन्हा बसली. शेजारच्या मुलीचा पोळपाट ओढला, लाटी घेतली, पोळी लाटली आणि कुसुमताईंच्या चवडीवर टाकली. ह्या वेळी चुकून नाही. सगळ्यांच्या देखत.

बाई धावत आल्या. “हे काय चाललंय?”

“पोळ्या चालल्यात, बाई.”

“तुम्ही सुपरवायझर आहात!”

“असेन. लाटणारीपण आहे.”

“मी तुम्हांला काय सांगितलं होतं?”

वैनीने दुसरी लाटी घेतली. “ते मला सांगता येणार नाही. तुम्हांला सांगायचं तर सांगा. त्या इथेच बसल्यात.”

बाईंचा गोड आवाज पहिल्यांदाच फाटला. “मग उद्यापासून दोघीही येऊ नका!”

खोली एकदम उठायला झाली. शैलाने तर लाटणं आपटलं. तेव्हा वैनीचं मनगट वर गेलं, पिठाने भरलेलं, आणि ती म्हणाली, “बसा गो. पोळ्या करपतील.” आम्ही बसलो. कोणाच्या घरात किती तोंडं आहेत हे तिला माहीत होतं. ते माहीत नसतं तर ती बसा म्हणाली नसती. तिने चवड फडक्याने झाकली, कुसुमताईंना उठवलं. “पदर घ्या डोक्यावर, ऊन आहे,” म्हणाली, आणि दोघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन बसलो. आपापल्या जागी. मध्ये दोन पोळपाटांची जागा मोकळी. बाई म्हणाल्या, सरकून बसा, दोन नव्या बायका आल्यात. कोणी सरकलं नाही. त्या बिचाऱ्या नव्या बायका भिंतीशी उभ्या.

“कोणी सांगितलं तुम्हांला असं करायला?”

“कोणी नाही, बाई,” शैला म्हणाली. आणि खरंच सांगितलं नव्हतं.

बाईंना ते पटेना. त्यांनी वैनीला फोन केला, तुमच्या बायकांना समजवा म्हणून. वैनीने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, “तुम्ही मला काढलंत ना, बाई? मग मी कोण सांगणार त्यांना?” मग कमिटीचा निरोप गेला, तुम्ही एकट्या परत या, खाली बसून लाटलंत तरी चालेल. कुसुमताईंचं नाव निरोपात नव्हतं. वैनी गेली नाही.

ती जागा किती दिवस मोकळी राहणार? दिवाळीचं काम आलं, फराळाला माणसं भरली, जागा गेली. संस्था चालतेच आहे. मीही पुढे गुडघ्यांमुळे सोडलं. वैनी मात्र लालबागहून बसने येतच राहिली, कुसुमताईंकडे. दुपारभर बसायची, त्यांच्यापुरत्या चार पोळ्या दोघींनी मिळून करायच्या. गेल्या वर्षी वैनी गेली. जायच्या आठवड्यातसुद्धा आली होती.

आणि आता शेवटचं, ज्याने मला झोप नाही. त्या कार्यक्रमाचं कुसुमताईंना कोणीतरी सांगितलं होतं. वैनीचा सत्कार आहे म्हटल्यावर त्या दुपारपासून नवी साडी नेसून दारात बसल्या, न्यायला येतील म्हणून. गिरगावाहून दादर काय परदेशात आहे? माझ्यासाठी गाडी पाठवली होती, पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांची कोणाला आठवणही नाही. मला वाटलं होतं त्यांना दुसऱ्या गाडीने आणतील. मी हॉलमधून निघून थेट त्यांच्याकडे गेले. त्या तशाच बसलेल्या.

“झाला कार्यक्रम?”

“झाला.”

“काय म्हणाले वैनीबद्दल?”

“चांगलं म्हणाले.”

“माझ्या शेजारी बसायची ते सांगितलं?”

मी त्यांच्या शेजारी दारात बसले. मग त्याच बोलायला लागल्या. अंधार पडेपर्यंत बोलल्या, वैनीची सगळी हकीकत, मला माहीत नसलेलीसुद्धा. वैनीचा नवरा आजारी होता तेव्हा तिने काय केलं, पहिल्या दिवशी पोळपाट घेऊन आली तेव्हा किती लाजली होती. दादरच्या हॉलमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं.

म्हणून म्हणते, रागवून झालं, आता ऐका. चहा घ्या. वैनीबद्दल जाणून घ्यायचं असेल तर कुसुमताईंकडे या. मी नेते तुम्हांला. वाडीत शिरून मला हाक मारा, मी खाली उतरेन. दुपारची झोप झाली की त्या दार उघडून बसतात. हार नको, शाल तर मुळीच नको. फक्त घाईत येऊ नका, त्यांना बोलायला वेळ लागतो. पण येताय ते लवकर या हो. त्यांचं वय झालंय.