भजीवाल्या मावशींचा गोड दिवस

उस्मानपुऱ्याच्या व्यापारी इतिहासात गंभीरपणे नोंदवावी अशी एक घटना मी भजी खायला गेलो असताना पाहिली. आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्या मावशी कढईवर झारा आपटून गिऱ्हाइकाला दटावतात, "मिरची मागायची नाय, मिळंल तेवढी खायची." बचत गटानं त्यांच्याकडे एक व्यवसाय सल्लागार पाठवला. धंदा वाढवायचा तर गोड बोला, असं तो सांगून गेला. दुसऱ्या दिवशी मावशी प्रत्येकाला हसून म्हणाल्या, "या साहेब, अजून मिरची देऊ का?" सगळे हातात पुडी धरून नुसतेच उभे. पहिला घास कोणी घेईना. ताजा घाणा थंड व्हायला लागला, तसा मावशींचा चेहरा उतरला. शेवटी रोजचा एक रिक्षावाला धीर करून बोलला, "मावशी, खरं सांगा, भजी कालची हायेत का?"