ताईच्या प्रवाळांवरचा दिवा

वायरमनला त्याच्या धंद्यातली चूक कुणी दाखवलेली खपत नसे. तीस वर्षं त्यानं घरं, दुकानं, गोदामं उजळली होती. त्यामुळे थोरल्या बहिणीच्या माशांच्या टाकीवरचा दिवा गेला, तेव्हा तिनं दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता.

ताई औषधांच्या दुकानात कंपाउंडर होती. चिमूटभर भुकटीसुद्धा तोलून द्यायची, आणि तिच्या हाताला कधी फरक पडला नाही अशी तिची ख्याती. निवृत्तीनंतर तिनं खाऱ्या पाण्याची एक लहानशी टाकी ठेवली. मासा एकच, बाकी सगळी प्रवाळं. दगडांवर चिकटलेली हिरवी बटणं, जांभळी झालर, गुलाबी बोटं. सगळी जिवंत. त्यांच्या पाण्यातलं मीठ ती तिच्या जुन्या तराजूवर तोलायची.

"शोभेचे मासे विकते ना, ती मासेवाली म्हणत होती, निळा नि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असा एलईडी घे," ताई म्हणाली. "स्वस्तातलाही मिळतो म्हणे. एकदा विचारून ये ना तिला."

"ती विकायलाच बसलीये, ती असंच सांगणार. उजेड म्हणजे उजेड, त्यात कसलं शास्त्र?"

एका दुकानाच्या पाटीसाठी आणलेला पांढरा फ्लडलाइट त्याच्याकडे उरला होता. तो त्यानं पाण्यापासून वीतभर उंचीवर टांगला. खोली लख्ख झाली. ताईनं डोळ्यांवर हात धरला आणि कौतुकानं हसली.

चौथ्या दिवशी बटणं मिटली. दुसऱ्या आठवड्यात झालर पांढरी पडली, चुना लावल्यासारखी. ताईनं बोलावलं म्हणून तो गेला, आणि टाकीपुढे उभा राहिला. सगळ्यात जास्त पांढरं झालं होतं ते बरोबर दिव्याखालचं. कडेच्या सावलीतला एक दगड अजून हिरवा होता. ते त्याला दिसलं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"पाण्यात गडबड असेल. मीठ नीट मोजलं होतंस ना?"

ताईनं स्वतःच्या हाताकडे बघितलं.

त्यानंतर तीन आठवडे तो तिकडे फिरकला नाही. कामं आहेत, असं फोनवर सांगत राहिला. शेवटी तिच्या स्वयंपाकघरातलं विजेचं बटण बिघडलं तेव्हा जावंच लागलं. शेजारच्या काकू टेबलाशी बसून ताईच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या कप्प्यांत भरत होत्या. तराजू वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलेला.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"माझा हात गेला रे," ताई म्हणाली. "पाच वेळा पाणी बदललं, पाच वेळा तोललं, तरी मरतायत. आता स्वतःच्या गोळ्यांचाही भरवसा वाटत नाही. दुकानाच्या मालकांकडेही जाऊन आले. म्हटलं, माझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी एकदा तपासा. कुणाला काय चुकीचं दिलं असेल, देव जाणे."

वायरमनच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्तानं तो बराच वेळ ओट्याखाली वाकून राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तिथून तो थेट मासेवालीच्या दुकानात गेला. "एका गिऱ्हाइकाची टाकी आहे," त्यानं सुरुवात केली.

मासेवालीनं सगळं ऐकून घेतलं. "दिवा कुठला?" त्यानं सांगितला. तिनं कपाळाला हात लावला.

"अहो, प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळं असतं, ते उजेडावर त्याला जेवू घालतं. एकदम एवढा उजेड पडला की प्रवाळ ते शेवाळंच बाहेर टाकतं. मग पांढरं पडतं, उपाशी मरतं." मग जरा थांबून म्हणाली, "दादा, तो दिवा टांगणारे तुम्हीच ना?"

त्यानं मान खाली घातली.

तिनं साधाच दिवा काढला. टाकी उथळ, प्रवाळं मऊ जातीची, म्हणजे महागडा नकोच, म्हणाली. निळा जास्त, पांढरा कमी, दोन्हींची वेगळी कळ, आणि खारं पाणी उडालं तरी आत शिरणार नाही असं बंद झाकण. एवढं असलं की झालं. हातभर वर टांगा, दिवसाला आठ तास, सुरुवातीला पाव ताकदीनं, आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा. तीस वर्षं धंद्यात मुरलेल्या वायरमननं ते एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर शाळकरी पोरासारखं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिवा बसवून झाला. टाकीत मंद निळं पसरलं.

"चूक माझी, आणि भुर्दंड तुला," ताई म्हणाली. "किती करतोस रे माझ्यासाठी."

इथं गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. पण ते कौतुक त्याला गिळवेना. तो स्टुलावर बसला.

"ताई, मीठ बरोबर होतं. दिव्यानं मारली ती. माझ्या दिव्यानं."

"म्हणजे माझा हात...?"

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

तिनं डोळे मिटले, मोठा श्वास सोडला. मग डोळे उघडले तेव्हा नजर वेगळी होती.

"तुला कधी कळलं?"

तो खोटं बोलू शकला असता. "त्याच दिवशी शंका आली होती. मीठ मोजलंस का विचारलं, तेव्हा."

"तेव्हा," ती म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. ती उठली आणि चपला घालू लागली.

"चल. मालकांना सांग. माझ्यादेखत."

रस्ताभर ती पुढे, तो मागे. औषधांच्या दुकानात सहा-सात माणसं रांगेत होती. मालकांनी ताईला बघताच चष्मा वर केला. "बाई, दोन वर्षं चाळली. एक नोंद चुकलेली नाही हो."

ताईनं मान वळवून भावाकडे पाहिलं. रांगेतल्यांनीही पाहिलं. त्यानं सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. मधेच कुणीतरी हसलं. मालक हसले नाहीत.

"बाईंना सलग तीन आठवडे झोप नव्हती," ते एवढंच म्हणाले.

जांभळी झालर आणि गुलाबी बोटं गेलीच. बटणांतली सात उघडली. दर रविवारी वायरमन दिव्याची कळ थोडी वाढवायला जातो. ताई दार उघडते, चहाही देते; पण टाकीपाशी तो असेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत बसते.