दुसऱ्यांचे अभिप्राय, माझं मराठी

नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा मी पुण्यात पंधरा वर्षं प्रुफं तपासलेली बाई होते. त्याला बदल्यांची सवय होती, मला नव्हती. शास्त्री नगरात घर लागतंय न लागतंय तोच तिथल्या मराठी मंडळाच्या सचिवांनी मला गाठलं.

"वहिनी, तुम्ही पुस्तकांतल्याच. आमचं कपाट तेवढं सांभाळा."

कपाट लोखंडी होतं आणि मंडळाच्या खोलीत, सतरंज्यांच्या गठ्ठ्याशेजारी उभं होतं. बदली होऊन जाणारी कुटुंबं सामान बांधताना जी पुस्तकं न्यायच्या लायकीची समजत नाहीत, ती वर्षानुवर्षं साठून ते ग्रंथालय झालं होतं. जाडजूड कादंबऱ्या, पानं रंगवलेली बालपुस्तकं, लोणची-मुरंबे, शिवणकाम, कुंडीतली बाग, घरच्या घरी विजेची दुरुस्ती. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसायची.

पुस्तकांबद्दल फार अपेक्षा नव्हतीच. वाचकांबद्दल होती, आणि ती पहिल्या महिन्यातच संपली.

विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. प्रत्येक पुस्तक परत करताना म्हणायचे, "छान आहे. वेळ जातो." कादंबरी असो, प्रवासवर्णन असो, वेळ जातो. एकदा मी मुद्दाम त्यांच्या पिशवीत विजेच्या दुरुस्तीचं पुस्तक सरकवलं. पुढच्या रविवारी ते आले आणि फ्यूज, वायर, स्विचबोर्ड यांबद्दल म्हणाले, "छान आहे. वेळ जातो."

बँकेतल्या एका साहेबांच्या पत्नी आधी शेवटचं पान वाचायच्या. शेवटी कोणी मेलेलं असलं की पुस्तक खाली. "घरात कमी कटकटी आहेत का?" असं मलाच विचारायच्या, जणू ते मरण मी घडवून आणलं होतं. दुसऱ्या एकीनं पाककृतींचं पुस्तक तावातावानं परत आणलं. सोलकढी बिघडली होती. आमसुलं मिळाली नाहीत म्हणून तिनं आमचूर घातलं होतं, आणि दोष लेखिकेला.

मुलांच्या पुस्तकांची तर आणखी दैना. पाण्याच्या टाकीत अडकलेल्या खारीची एक गोड गोष्ट होती. एका आईनं ती माझ्यासमोर चाळली आणि विचारलं, "पण यातून मुलीनं घ्यायचं काय?"

"मजा," मी म्हटलं.

"ती तर मोबाईलवरपण मिळते."

तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी बाजूला उभी राहून तेच पुस्तक अडखळत वाचत होती. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती. ती मान वर करून म्हणाली, "मावशी, यात ळ खूप आहेत. आमेरहून भाजीवाली येते ना आमच्याकडे, ती पण असंच ळ बोलते." मग "मतलब, बरोबर ळ," अशी पुस्तीही जोडली. हिंदीत नसलेला ळ इथल्या राजस्थानी बोलीत आहे, हे तिनं कानानं पकडलं होतं. महिन्याभरात मी ऐकलेला हा सगळ्यात हुशार अभिप्राय होता. आईनं तिला गप्प केलं आणि सुविचारांचं पुस्तक घेऊन गेली.

मी घरी येऊन नवऱ्याला या सगळ्यांच्या नकला करून दाखवायची. तो हसायचा. मग एकदा म्हणाला, "तू पुस्तकं द्यायला जातेस की परीक्षा घ्यायला?" उत्तर उघड होतं.

हिवाळ्यात सचिवांनी स्मरणिका काढायचं ठरवलं. दोन पानं रिकामी राहत होती. "वाचकांचे अभिप्राय टाकू," ते म्हणाले. "दहा-बारा लोकांचे, नावांसकट. लोकांना आपलं नाव बघायला आवडतं." ते काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं.

लोकांनी चिठ्ठ्या लिहून दिल्या. काहींनी फोनवर सांगितलं. 'पुस्तक चांगले असून सर्वांनी वाचावे.' 'अक्षर बारीक आहे.' 'लेखकाने मेहनत घेतली आहे.' एकानं तर मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला होता, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट.

लष्कराच्या छावणीतल्या क्वार्टर्समधून एक बाई यायची. साताऱ्याकडची, माझ्यापेक्षा बरीच लहान. नवरा सीमेवर, ही दोन मुलींना घेऊन इथे. बस बदलून यायची, फार बोलायची नाही. जवानाच्या बायकोवरची एक गाजलेली कादंबरी तिनं नेली होती. ती परत द्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "यावर दोन शब्द सांगा, छापायचेत."

ती जरा विचार करून म्हणाली, "ताई, यात तो सुट्टीवर येतो तेव्हा ही दारात रडत उभी राहते. मग रोज रडते. आमच्यात असं नसतंय. तो आला की पहिले चार दिवस मला अडगळ वाटतो घरात. माझी भांडी इकडची तिकडं करतो, पोरींचा अभ्यास मोडतो. पाचव्या दिवशी सवय होते. आणि मग जायचा दिवस दिसायला लागतो. या लेखकानं ते चार दिवस बघितलेच न्हाईत."

मी मान डोलावली. लिहून घेतलं नाही, कारण तोवर माझं ठरलं होतं. हे सगळे अभिप्राय मी स्वतः लिहिणार होते.

तीन दुपारी बसून मी बारा लोकांना मतं दिली. विम्यातल्या काकांना मी कादंबरीच्या उत्तरार्धातल्या शैथिल्याची जाणीव दिली. सोलकढीवाल्या बाईंना प्रादेशिक चवींच्या नोंदीचं महत्त्व पटवलं. खारीच्या गोष्टीत त्या आईला बालमनाची निरागस उत्सुकता दिसली, म्हणजे मी दाखवली. आणि छावणीतल्या बाईच्या नावाखाली लिहिलं: 'सैनिकपत्नीच्या विरहवेदनेचे हे हृद्य चित्रण वाचताना माझे डोळे पुन्हा पुन्हा पाणावले, प्रत्येक पानावर मला माझीच कहाणी दिसली.' लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं. मला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली. तिळगूळ झाला, पुलाव झाला, आणि स्मरणिका वाटली गेली. मी एका दगडावर बसून वाट बघत होते. कोणीतरी येईल आणि म्हणेल, अहो, हे माझं नाही.

कोणी आलं नाही. विम्यातल्या काकांनी चष्मा लावून आपला अभिप्राय दोनदा वाचला आणि शेजारच्याला म्हणाले, "जरा कठोरच लिहिलं मी. पण लिहायला हवंच होतं." सोलकढीवाल्या बाई आपल्या दोन ओळी फोनवर मुंबईच्या बहिणीला वाचून दाखवत होत्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येकजण आपापल्या मताचा मालक झाला होता. मी इतकी हसले की नवऱ्यानं मला बसमध्ये कोपर मारलं.

छावणीतली बाई सहलीला नव्हती. तिची प्रत कोणीतरी पोचवली असावी. पुढच्या रविवारी मी कपाट उघडत होते तेव्हाच ती आली. हातात स्मरणिका, त्या पानावर बोट घालून धरलेली.

"ताई, हे मी कधी म्हणले?"

"छापण्यासाठी जरा नीट केलं," मी म्हटलं. "बोलण्यातलं जसंच्या तसं छापत नाहीत."

"नीट?" ती उभीच होती. "माझ्या नावावर रडणं छापलंत तुम्ही."

मी म्हटलं की लोकांना आवडलंय, कोणीच तक्रार केली नाही. तिनं स्मरणिका मिटली. मग म्हणाली, "मोठ्या पोरीनं ह्याचा फोटो काढून तिच्या बापाला पाठवला. आईचं नाव छापून आलं म्हणून. त्याचा तीन दिवसांनी फोन लागला. मला विचारतो, तू एवढी रडतेस? पोरींसमोर रडतेस? मला का सांगितलं न्हाईस? साहेबाकडं सुट्टी मागू का म्हणतो. तिथं उभ्या माणसाला तुम्ही घोर लावलात, ताई."

"मग तुम्ही खरं सांगा ना त्यांना."

"सांगितलं. त्याला वाटतंय मी लपवते. छापलेलं खरं, आणि मी खोटी."

मी पंधरा वर्षं छापलेल्या मजकुरातच घालवली होती. मी विचारलं, "पण अडगळ वाटतो असं छापलं असतं तर त्यांना वाईट नसतं वाटलं?"

ती पहिल्यांदा हसली, पण माझ्याशी नव्हे. "त्याला ठाऊक आहे की. आल्या आल्या तोच म्हणतो, आली बघ तुझी अडगळ. चार दिवस कुठं ठेवतेस?"

मी त्याच संध्याकाळी सचिवांकडे गेले. दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवायची म्हटलं. त्यांनी चहा मागवला. "एका ओळीसाठी? वहिनी, कोण वाचतंय ते!" मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की याच वाक्याच्या भरवशावर मी स्वतः त्या तीन दुपारी काढल्या होत्या.

मग मी तिचं बोलणं आठवून हातानं चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. तीस लिहिल्या आणि घरोघरी गेले. एका घरी स्मरणिका स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेली होती. मी डबे उचलून ओल्या पानावर चिठ्ठी चिकटवली. एका घरी फक्त यजमानांच्या फोटोचं पान कापून ठेवलं होतं, बाकीची रद्दीत गेली होती; चिठ्ठी त्या फोटोमागेच चिकटवली. विम्यातल्या काकांनी मी डिंक लावत असताना काळजीनं विचारलं, "माझ्यात काही बदल करणार नाही ना? माझं बरोबर आहे हं." मी म्हटलं, तुमचं अगदी बरोबर आहे.

शेवटची चिठ्ठी घेऊन मी छावणीच्या फाटकाशी गेले. आत जायला पास लागतो म्हणून तीच बाहेर आली, ओढणी डोक्यावर घेतलेली, धाकटी मुलगी बरोबर. तिनं चिठ्ठी उन्हात धरून सावकाश वाचली. मग बोट ठेवून म्हणाली, "हे काय? 'घरात अडचण वाटते'?"

"हो. तुम्ही म्हणालात ना?"

"मी अडगळ म्हणले. अडचण न्हाई."

मी चिठ्ठी तिच्या हातातून घेऊन पाहिली. माझ्याच अक्षरात अडचण लिहिलेलं होतं. तीसही चिठ्ठ्यांत तेच असणार. कधी बदललं ते मला कळलंही नव्हतं. अडगळ हा शब्द नवऱ्यासाठी छापायला माझा हात धजला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतत आयुष्य काढलेल्या बाईला दुरुस्तीच्या चिठ्ठीत चूक सापडली, आणि तीही सहावीपर्यंत शिकलेल्या बाईनं दाखवली, हा हिशेब त्या क्षणी माझ्या मनात झालाच. तिच्या शिक्षणाची इयत्ता मला तेव्हाच आठवावी, याची आज जास्त लाज वाटते.

मी पर्समधून पेन काढलं. "द्या इकडं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून स्वतःच शब्द खोडून वर 'अडगळ' लिहिलं. ळ चांगला ठसठशीत काढला. मग मुलीला म्हणाली, "काढ फोटो. बाबाला पाठव."

बाकीच्या एकोणतीस मी पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा जाऊन दुरुस्त केल्या. एकानंही विचारलं नाही की काय बदललं. त्यांच्याबद्दलचं माझं मत त्यामुळे सुधारलं नाही. ते आजही तेच आहे. फक्त नवऱ्यापुढे नकला करणं बंद झालं, कारण मध्येच माझीच नक्कल व्हायला लागायची.

उन्हाळ्यात त्या बाईच्या नवऱ्याची बदली झाली, या वेळी कुटुंबासह राहता येईल अशा ठिकाणी. निघण्याआधी ती तीन पुस्तकं परत करायला आली. मी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं: कुंडीतल्या बागेचं पुस्तक कामाचं आहे, पण इथल्या मे महिन्यात त्यातलं काही जगत नाही, दुसरं अर्धं वाचलं, तिसरं पोरींना आवडलं, तिला नाही. मी वहीत तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि बस चुकेल म्हणून घाईनं जिना उतरली.