कापलेला आहेर

मला टीव्ही स्टेशनचा मॅनेजर माझ्या भागीदाराने केलं, आणि तेही मी घरी नसताना. भागीदार म्हणजे आमच्या वाडीला लागून असलेल्या ख्रिस्ती आळीतला माझा शाळेपासूनचा दोस्त. मस्कतची नोकरी सोडून आला तेव्हा त्याने ब्लँकेटात गुंडाळून एक व्हीसीआर आणला होता. माझ्या वडिलांसमोर ओटीवर बसून तो म्हणाला, "मशीन माझी, जागा तुमची, मॅनेजर तुमचा मुलगा." वडिलांनी विचारलं, "तो काय करणार?" तो म्हणाला, "काही नाही, मॅनेजर." वडिलांना हे पटलं. मी तेव्हा काहीच करत नव्हतो, त्यामुळे अनुभव आहेच, असं त्यांचं मत पडलं.

जागा म्हणजे आमच्या विहिरीवरचं पंपघर. आमच्या निर्मळ गावात तेव्हा टीव्ही बऱ्याच घरांत आले होते, पण त्यावर बघायला फारसं काही नव्हतं. सरकारी टीव्हीवर सिनेमा रविवारीच. आम्ही पंपघरात कॅसेट लावायची, तिथून निघालेली वायर घराघरांत जायची, आणि वायर असलेल्या सगळ्यांना एकच सिनेमा दिसायचा. व्यवस्था एवढी सोपी होती की बिघडवायला माणूस लागला, आणि तो मी होतो.

वायर न्यायला खांब नव्हते. मी डोकं लढवून ती केळींवरून नेली. बुंध्याला सुतळीने बांधली, पानांतून लपवली, कोणाला दिसलीसुद्धा नाही. आता, मी जन्मलो केळीच्या वाडीत. घड उतरवला की केळ कापून टाकतात, हे मला बोलायला लागायच्या आधीपासून माहीत. पण मॅनेजर झाल्यापासून मी वाडीकडे मॅनेजरच्या नजरेने बघत होतो. पहिला घड उतरला त्या संध्याकाळी खलनायकाने नायिकेला पळवलं आणि अर्ध्या आळीला ती सापडली की नाही ते कधीच कळलं नाही. वडील म्हणाले, "बरं झालं, पंपाची वायर मी तुला टाकू दिली नाही." मग वायर नारळांवर गेली.

दुसरी गोष्ट शिकलो ती वेळेची. सातला ख्रिस्ती घरांत रोझरीची प्रार्थना, आमच्याकडे दिवेलागण. आणि पहाटे उठून दादरच्या बाजारासाठी फुलं खुडायची असल्यामुळे नऊला सगळं गाव आडवं. म्हणजे मला मिळायचा साडेसात ते नऊ, आणि हिंदी सिनेमा तीन तासांचा. म्हणून अर्धा आज, अर्धा उद्या. मधला सबंध दिवस गाव विहिरींवर बसून खलनायकाचं काय करावं याची चर्चा करी. काहींचे शेवट दिग्दर्शकापेक्षा बरे असत.

मग लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आल्या. एका घरच्या लग्नाची कॅसेट मी सहज लावली, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे वायर नव्हती ते सगळे वायर मागायला आले. स्वतःला पडद्यावर बघण्याची चव लागल्यावर मुंबईच्या नटनट्यांचं आमच्या गावात काही खरं राहिलं नाही.

बांधापलीकडच्या अण्णांच्या थोरल्या मुलीचं लग्न माघात झालं होतं. धाकटीचं वैशाखात ठरलं होतं, आगाशीच्या घरी. अण्णा स्वतः थोरलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. पिशवीत, त्यावर टॉवेल गुंडाळून.

"सांभाळून हं बाबा. एकच आहे."

"अण्णा, मी मॅनेजर आहे."

"म्हणूनच सांगतोय."

मी कॅसेट एकटा बसून बघितली. हळद, वरात, मंगलाष्टका, पंगत, सगळं चांगलं. पण मध्ये तासभर आहेर. नवरानवरी लाल खुर्च्यांवर बसलीत. एक माणूस येतो, खोका देतो, कॅमेऱ्याकडे बघून ताठ उभा राहतो. व्हिडिओवाल्याचा दिवा विझला की पोक काढून खाली उतरतो. मग दुसरा. सरबताच्या ग्लासांचा लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, नाव कोरलेलं स्टीलचं पातेलं, पुन्हा लेमन सेट. कथा म्हणून पुढे काही सरकतच नव्हतं. एवढा तास काढला तर सबंध लग्न एका संध्याकाळी बसत होतं.

भागीदार म्हणाला, "आमच्याकडे केक कापायचा भाग काढलास तर एखाद वेळ चालेल. पण स्टेजवर चढणारी लाईन काढू नकोस."

मी म्हणालो, "प्रेक्षकांचा विचार मॅनेजरने करायचा असतो."

तुळिंजच्या व्हिडिओ लायब्ररीतून दुसरी मशीन मागून आणली आणि आहेर वगळून सुबक कॉपी केली. त्याच आठवड्यात सरकारी टीव्हीवर केळीवरच्या रोगांचा कार्यक्रम होता आणि वडिलांना तो टिपून हवा होता. कोरी कॅसेट नव्हती. मी अण्णांची मूळ कॅसेट घेतली, मंगलाष्टकांना धक्का न लावता बरोबर आहेराच्या जागी आणून ठेवली, आणि त्या तासावर केळीचे रोग रेकॉर्ड केले. इतकं नेमकं काम माझ्या हातून आयुष्यात पुन्हा झालं नाही.

कापलेलं लग्न दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची बहीण, जिला अख्खी आळी आत्या म्हणायची, विहिरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय रे, मी भाचीला समई दिली होती. ती कुठे गेली?"

"आत्या, असेल की तिच्या सासरी."

"टीव्हीवरून कुठे गेली ते विचारते मी."

मी तिला कार्यक्रमाची लांबी, प्रेक्षकांची झोप वगैरे समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे व्याह्यांना हार घातलेला दिसतो, आणि आमची समई लांब होते."

दुपारपर्यंत गावाने निकाल लावला. हा पोरगा कॅसेट काय कापणार, याला केळीवरून वायर नेता येत नाही. कापायला अण्णांनीच सांगितलं असणार. आगाशीचे नवे व्याही बघतील म्हणून आमच्या पातेल्यांची लाज वाटली त्यांना.

आमच्याकडे लग्नाचा मांडव गाव घालतं. त्याआधी नारळाची झापं भिजत टाकायची आणि अंगणात बसून सगळ्यांनी विणायची. त्या रविवारी अण्णांच्या अंगणात भिजवलेल्या झापांचा ढीग होता आणि ढिगाशेजारी एकटे अण्णा. एकट्याने झापं विणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. संध्याकाळी ते ओल्या हातांनी पंपघरात आले.

"माझ्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मांडव कोण घालणार? पंगत कोण वाढणार? ही तुझी मशीन?"

मी म्हणालो, "अण्णा, घाबरताय काय! मूळ कॅसेट आहे ना. उद्या साडेसातला सगळा आहेर दाखवतो. सगळ्या गावाला सांगा."

हे म्हणताना माझ्या मनात केळीचा एकही रोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी भागीदार सायकलवरून दोन्ही आळ्यांत सांगून आला. वायर नसलेले शेजारच्या घरी जाऊन बसले. वडिलांनी पंप बंद ठेवला, कारण पंप चालू झाला की विजेचा दाब उतरून पडद्यावरची माणसं बारीक होत, आणि आज कोणाला बारीक होऊन चालणार नव्हतं. मंगलाष्टका संपल्या. अक्षता पडल्या. लाल खुर्च्या दिसल्या. पहिला पाहुणा खोका घेऊन पायरी चढला, त्याने पाय उचलला, आणि टाय लावलेला एक गृहस्थ हातात करपलेलं केळीचं पान धरून म्हणाला, "नमस्कार, शेतकरी बंधूंनो."

मी मशीन बंद करायला हवी होती. पण मला वाटत होतं, आता संपेल, आता पातेली येतील. गृहस्थ तासभर बोलले. वडिलांनी कार्यक्रम शेवटपर्यंत बघितला आणि फवारणीचं औषध लक्षात ठेवलं. त्या संध्याकाळचा समाधानी प्रेक्षक तो एकटाच.

एक मात्र झालं. कापणारे अण्णा नव्हेत, मीच, याबद्दल कोणाच्या मनात शंका उरली नाही. सकाळी विहिरीवर माणसं जमली, तीही माझ्याशी जरा मायेनेच बोलली, आजारी माणसाशी बोलतात तसं. पण आहेर गेला तो गेलाच होता, आणि अण्णांच्या अंगणात झापं तशीच पडली होती. शेवटी आत्याच म्हणाली, "परत कर."

"काय परत करू?"

"शूटिंग. आम्ही परत देतो, तू परत काढ."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण मागची सगळी माणसं मान डोलावत होती.

त्याच व्हिडिओवाल्याला बोलावलं. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि दिवा लावला. अण्णांच्या अंगणात खाट, खाटेवर सतरंजी, त्यावर लाल खुर्च्या. थोरली मुलगी बहिणीच्या लग्नासाठी माहेरी आलेलीच होती. भर उन्हात शालू नेसून बसली. जावयांनी कारखान्यातून निरोप पाठवला की मी एकदाच लग्न केलंय. म्हणून त्यांच्या खुर्चीवर त्यांचा फ्रेम केलेला फोटो ठेवला. कोणीतरी उत्साहाने फोटोला हार घातला. आत्याने धावत जाऊन तो ओढून काढला. "अरे मुडद्यांनो, जिवंत आहे जावई माझा!"

रांग पार बांधापर्यंत गेली. ख्रिस्ती आळीतले लोक एप्रिलमध्ये कोट घालून आले होते. माघातल्या लग्नाला ज्यांना आमंत्रण नव्हतं, तेही आले. आणि आहेर सुधारला होता. माघात लेमन सेट देणाऱ्यांच्या हातात आता मिक्सरचे खोके होते. खोका फार हलका दिसू नये म्हणून काहींनी आत केळी भरली होती. एक भिंतीवरचं घड्याळ मी वेगवेगळ्या हातांत बघितलं, प्रत्येक वेळी पावणेसहा वाजलेलं. आत्याने समईच आणली होती, कारण ती शब्दाची पक्की. फक्त समई माघातल्यापेक्षा हातभर उंच होती. देवळातली वाटली, पण मी मॅनेजर होतो, विचारलं नाही.

अण्णा कोपऱ्यात उभं राहून प्रत्येकाला हात जोडत होते. दिवा विझायचा, माणूस खाटेवरून उतरायचा, आपला खोका काखोटीला मारायचा आणि घरी न जाता तिथेच रेंगाळायचा. कोणीतरी ढिगातलं एक झाप ओढून मांडीवर घेतलं. रांगेतले म्हणाले, जरा इकडे पण सरकव. उन्हं उतरेपर्यंत कोटवाले कोट काढून विणायला बसले होते. अण्णा आत गेले ते चहाचं आधण ठेवायला.

त्या संध्याकाळी मी सगळा आहेर दाखवला. एक क्षणही कापला नाही. नऊ वाजून गेले तरी गाव झोपलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दादरला फुलं उशिरा पोचली.

वैशाखातलं लग्न छान झालं. मांडव असा दाट विणला होता की खाली उन्हाचा कवडसा नव्हता. मला कॅमेऱ्याजवळ जायला बंदी होती. माझ्याकडे पंगतीत पाणी वाढायचं काम होतं, आणि त्यावरही एक माणूस लक्ष ठेवून होता.

मग अण्णा नवी कॅसेट घेऊन पंपघरात आले. पिशवी, टॉवेल, सगळं तसंच. म्हणाले, "या खेपेला व्हिडिओवाल्याला विचारून आलोय." कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकची एक बारीकशी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. ही माहिती स्टेशनच्या मॅनेजरला त्या दिवशी मिळाली. अण्णांनी पट्टी मोडली होती, पण नखाने नव्हे. कोयत्याने. पट्टीबरोबर कॅसेटचा एक कोपराही गेला होता.

"आता काढून दाखव आहेर," अण्णा म्हणाले.

मी कॅसेट मशीनमध्ये सरकवली. ती गेली, चालली, धाकटीचं लग्न हळदीपासून आहेरापर्यंत अख्खं दिसलं. फक्त ती बाहेर आली नाही. तुळिंजहून माणूस येऊन मशीन उघडेपर्यंत आमच्या स्टेशनवर रोज साडेसातला तेवढाच कार्यक्रम होता. कोणाचीही तक्रार आली नाही.