जेवणानंतरची गोळी

जानेफळच्या मनकर्णाबाईंची जीभ तिखट. गडीमाणसं, गुरं आणि नवरा किसनराव, सगळे त्यांच्या आवाजानं वठणीवर येत. धाकटी जाऊ रुखमा मात्र त्या आवाजाच्या पलीकडे गेली होती. जर्मनची दुसरी लढाई संपली त्या साली तिचं मूल बाळंतपणातच गेलं. सहा महिने झाले तरी ती भिंतीकडे तोंड करून बसे. सांगितलं तेवढं काम करी आणि पुन्हा बसे. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिला माहेरी, जळगाव जामोदला धाडायचं आणि तिकडेच ठेवायचं, अशी कुजबुज घरात सुरू झाली होती.

मनकर्णाबाईंनी गाडी जुंपायला लावून तिला मेहकरच्या डॉक्टरांकडे नेलं. मनाचा आजार आहे, ते म्हणाले. त्यांनी बाटलीत औषध दिलं आणि नागपूरहून आलेल्या पिवळ्या गोळ्या.

"औषध मुख्य. ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या त्याच्या जोडीला. जेवणानंतरच द्या."

औषध मनकर्णाबाई स्वतः पाजीत. दुपारी विचारीत, "जेवली का वं?" रुखमा म्हणे, "हाव." मग तळहातावर गोळी.

महिना गेला. फरक नाही.

"गोळ्याच खोट्या असतीन," किसनराव म्हणाले.

"गोळीले काऊन बोलता? तिनं तुमचं काय खाल्लं?"

घरात पुरुष आधी जेवत, मग थोरली, आणि सगळ्यांच्या मागून एकटी रुखमा. एका दुपारी शेणाला गोठ्यात गेलेल्या मनकर्णाबाईंना दिसलं, रुखमा आपली भाकरी मोडून गाईला घालत होती. गाय चांगलीच तुकतुकीत झाली होती.

"म्हणजे महिनाभर गाय जेवून राह्यली अन् गोळी तू खाऊन राह्यली?"

रुखमानं मान खाली घातली. "एकटीले घास उतरत नाही, बाई."

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाई तिच्यासाठी थांबू लागल्या. ताट एकच वाढीत.

"थोरली सून शेवटी जेवते, लोक काय म्हणतीन?" किसनरावांनी विचारलं.

"डागदरनं सांगतलं म्हना."

डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन घास गेले, आठवड्यानं अर्धी भाकरी. मनकर्णाबाई गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत आणि बोलता बोलता घास पुढे करीत. मेहकरहून दुसरी बाटली आली, मग तिसरी.

अखाजीच्या आठवडाभर आधी रुखमाचा भाऊ इंद्रभान गाडी घेऊन आला. मनकर्णाबाईंनी शेवटचं ताट वाढलं. त्यांचं लक्ष भाजीत नव्हतंच. रुखमानं घास घेतला आणि थांबली.

"काय झालं वं?"

"भाजीत मीठच नाही, बाई. तुमाले चव लागते का नाही?"

त्या घरात त्यांच्या स्वयंपाकाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. रुखमा उठली, मीठ घेऊन आली आणि दोघींच्या भाजीत घालून कालवू लागली.

गाडीत बसताना ती भावाला म्हणाली, "अखाजी झाली की मले परत आणून सोड. नाहीतर घरातले सगळे अळणी खातीन."

मनकर्णाबाईंनी गोळ्यांची पुरचुंडी इंद्रभानच्या हातात दिली. "तिच्यासंगं कोणीतरी जेवायले बसजा. मंगच गोळी द्याची."

"असं डागदरनं सांगतलं?"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाल्या.