फाइलवरचा नंबर

दिग्रसच्या एसटी स्टँडवरून मी नागपूरला निघाले तेव्हा माझ्या गाडीची घोषणा बाबांनीच केली. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसायचं, ही त्यांची नोकरी. फलाटावर आई, मी, दोन बॅगा आणि लोणच्याची बरणी. आणि डोक्यावरच्या भोंग्यातून बाबांचा सरकारी आवाज, की आर्णी, यवतमाळ, वर्धा मार्गे नागपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. घोषणा एकदा करतात, फार तर दोनदा. त्यांनी चारदा केली. चौथ्यांदा ऐकून एक म्हातारा वैतागून म्हणाला, "समजलं ना बाप्पा, उभी हाये तर!" खिडकीपुढे रांग होती, त्यामुळे बाबा बाहेर आले नाहीत. पेन धरलेला हात जाळीमागून जरासा वर केला, बस्स. घरून निघताना काय ते एवढंच बोलले होते, "पोचली का फोन करजो, बेबी. अन् जेवत जाजो."

मी जात्याच घाबरट. यवतमाळ येईपर्यंत मी कंडक्टरला दोनदा विचारलं, गाडी नागपूरचीच ना, आणि वर्ध्यानंतर तिसऱ्यांदा. सदरमधल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात मला कामाला घेतलं होतं, पण पक्कं नाही. मालक नंदूभाऊ फोनवर म्हणाले होते, "सहा महिने पाहू. जमलं तर रहा, नाही तर तुह्या गावची गाडी हायेच." हे ते हसत म्हणाले होते. मला मात्र पुढचे सहा महिने ती गाडी रोज दिसायची, दार उघडं ठेवून उभी असलेली.

माझ्या वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या, एक हैदराबादला गेली. त्यांना वाटतं, नागपूर म्हणजे काय, घरापासून चार-पाच तासांवर. त्याला काय घर सोडणं म्हणायचं? म्हणूनच हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. परत जायला इतकं सोपं असलं की परत जावं लागेल याची भीती जास्त वाटते. हैदराबादवाली हरली तर निदान म्हणेल की लांब होतं, भाषा वेगळी होती. मी काय सांगणार होते?

आमचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. तीन टेबलं, एक कूलर. एका टेबलावर नंदूभाऊ, दुसऱ्यावर शबानादीदी, जिनं तिथं दहा वर्षं काढली होती, आणि खिडकीजवळ मी. गांधीबागच्या कापडवाल्यांचे साड्यांचे खोके, शाळांची माहितीपत्रकं, फरसाणाची पाकिटं, असलं सगळं आमच्याकडे यायचं. प्रत्येकाला डिझाइनमध्ये संत्रं हवं असायचं. एका बनियनवाल्यालाही हवं होतं. मी त्याला विचारलं, बनियनशी संत्र्याचा काय संबंध? तो म्हणाला, "मॅडम, नागपूरचं हाय म्हटल्यावर संत्रं पाहिजे ना!" काढलं. बनियनच्या खोक्यावर अजून ते संत्रं आहे.

घरी असताना मी कलाकार होते. गल्लीत रांगोळी माझी, शाळेच्या फळ्यावर शिक्षकदिनाची अक्षरं माझी, लग्नात रुखवतावरची नावं माझी. रंगांना तेव्हा नावं होती: पोपटी, मोरपंखी, अबोली. नागपुरात कॉम्प्युटरवर त्यांचे टक्के झाले, निळा इतका, पिवळा इतका. आणि ज्या चित्राला गल्लीत "वा वं पोरी" मिळालं असतं, त्याला इथं गिऱ्हाईक म्हणायचं, "ठीक आहे, पण उठाव नाही आला." उठाव म्हणजे नेमकं काय हवं, ते कोणीच सांगत नसे. मी कोऱ्या पडद्यासमोर बसायचे आणि वाटायचं, आज कळणार सगळ्यांना, की हिला काही येत नाही. घरी फोनवर सांगायचे, मस्त चाललंय.

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गिऱ्हाइकाकडून मजकूर कधीच वेळेवर येत नाही. पण कोरी जागा ठेवून नमुना दाखवायचा नाही, हा नंदूभाऊंचा नियम. मग जो तो आपल्या मनचा मजकूर भरतो. त्याला डमी म्हणतात. शबानादीदीच्या डमीत नेहमी तिच्या मुलांची नावं. माझ्या डमीत दिग्रस, आईचं नाव, आमच्या गल्लीचं नाव आणि फोन नंबर म्हणून बाबांचा मोबाइल, कारण तोच एक पाठ. मात्र डमी कायम भडक लाल रंगात ठेवायची, म्हणजे छपाईला जाण्याआधी डोळ्यात खुपते आणि खरा मजकूर टाकायची आठवण राहते.

पाचव्या महिन्यात धंतोलीतल्या एका डॉक्टरांचं काम आलं. ऑपरेशन झालेल्या पेशंटला घरी सोडताना कागदपत्रं ठेवायला द्यायची पुठ्ठ्याची फाइल. नंदूभाऊ म्हणाले, हे तू एकटी कर. माझं पहिलं एकटीचं काम, म्हणून घरीही फोनवर सांगितलं, की एका दवाखान्याची फाइल करते आहे. मी फिकट हिरवा रंग घेतला आणि त्यावर कडुनिंबाची पानं काढली, एकेक पान हातानं कागदावर काढून मग कॉम्प्युटरवर चढवलं. पाठीमागे ओळ होती, 'घरी गेल्यावर त्रास झाल्यास फोन करा', आणि खाली मोठ्या देवनागरी आकड्यांत नंबर. डॉक्टरांकडून नंबर यायचा होता. तोवर बाबांचा.

लाल नंबर त्या हिरव्यावर इतका वाईट दिसत होता! डॉक्टर स्वतः नमुना बघायला येणार होते. मला वाटलं, हे लाल गालबोट बघून म्हणतील, उठाव नाही आला. मी तो नंबर गडद हिरवा केला. आकड्यांमधलं अंतर नीट केलं, चारच्या गाठी जरा गोल केल्या. डॉक्टरांना फाइल बघताक्षणी आवडली. त्यांनी तिथंच सही केली. पंधरा दिवसांनी फायली छापून दवाखान्यात गेल्या, आणि तो नंबर कोणाच्याच डोळ्यात खुपला नाही, कारण मी तो सुंदर करून ठेवला होता.

नंतर नंतर बाबांचा फोन लागेनासा झाला. सारखा बिझी. बाबा त्या पावसाळ्यात रिटायर झाले होते. रिकाम्या माणसाचा फोन बिझी का असावा? एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "तुह्या बाबानं तुले सांगू नको म्हटलं. पण त्याचा फोन सारखा वाजून राहिला वं. कोणी म्हणते डॉक्टर हायेत का, कोणी म्हणते टाके दुखून राहिले. मी म्हटलं, राँग नंबर हाये म्हणून ठेवत काहून नाही, तर म्हणे, माणूस तकलीफमध्ये हाये, असा कसा ठेवू?"

जेवण टाकून मी टेबलाकडे गेले, फाइल उघडली आणि गडद हिरव्या, गोल गाठींच्या आकड्यांत बाबांचा नंबर बघितला.

सांगायला लाज वाटते, पण पुढचे दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. महिना अखेर जवळ आली होती, सहा महिने पुरे होत होते. मी मनात हिशेब जुळवत होते: कळेल तेव्हा कळेल; छापखान्यावर ढकलता येईल; डॉक्टरांची सही आहेच. नंदूभाऊंनी नुसती हाक मारली तरी मी आधी ती फाइल बंद करायचे. शबानादीदीनं विचारलं, "क्या हुआ, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. समोर गाडी उभी, दार उघडं, आणि मी चढायचं नाही म्हणून दांडा धरून बसलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आई. आर्णीकडच्या कुठल्या खेड्यातून एका बाईचा फोन आला होता. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, टाके उसवून रक्त येत होतं. बाबांनी एव्हाना दवाखान्याचा खरा नंबर शोधून ठेवला होता, सगळ्यांना तो द्यायचे. पण त्या वेळी तिथं कोणी उचलला नाही. मग बाबा तिला म्हणाले, वाट पाहू नको, ऑटो बोलाव आणि यवतमाळच्या दवाखान्यात ने. त्यानंतर तिचा फोन लागेना. "कालपासून जेवला नाही तो," आई म्हणाली. "तो माणूस वाचला का, एवढंच म्हणून राहिला."

मी नंदूभाऊंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लाल रंग कोणं बदलला?"

"मी."

"काहून?"

"छान दिसत नव्हता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चाल धंतोलीले. अन् शबाना, खऱ्या नंबरचे स्टिकर काढ, आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांनी आम्हाला पेशंटांसमोर झाडलं. ते बरोबरच होतं. ते काम आमच्याकडून गेलं ते गेलंच. शबानादीदी स्टिकर घेऊन आल्यावर आम्ही तिघांनी दवाखान्याच्या जिन्यात बसून ते उरलेल्या फायलींवर चिकटवले. पण ज्या फायली पेशंटांबरोबर विदर्भभर पांगल्या होत्या, त्यांचं काय? दवाखान्यानं आपल्या यादीवरून फोन करायचं कबूल केलं. आणि ज्यांनी आधीच चुकीच्या नंबरला फोन केले होते, त्यांचं काय, असं नंदूभाऊंनी विचारलं. मी बाबांना फोन लावला.

"बाबा, त्या दवाखान्याच्या फाइलवर तुमचा नंबर गेलाय. छापखान्याकडून चूक झाली."

हो, तेव्हाही मी खोटंच बोलले. ऑफिसात खरं बोलून आलेली मी, पण बाबांशी खरं बोलायला जीभ वळली नाही.

"होते असं," बाबा म्हणाले. "थांब, वही आणतो."

कोणाकोणाचे फोन आले ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. नाव, गाव, त्रास, काय सांगितलं. चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलं, सवय जाते थोडीच? त्यांनी एकेक नंबर सावकाश, दोनदा सांगितला आणि मी लिहून घेतला. मधे एकदाही त्यांनी विचारलं नाही की छापखान्याच्या चुकीत नेमका माझ्या बापाचाच नंबर कसा गेला.

मग मी एकेकाला फोन करायला बसले. बहुतेकांना खरा नंबर मिळालेलाच होता. आर्णीकडच्या त्या बाईचा फोन संध्याकाळी लागला. नवरा यवतमाळला भरती होता, टाके पुन्हा घातले होते, धोका टळला होता. मी तिला खरा नंबर सांगितला, माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही त्या दिग्रसच्या काकाजीची पोरगी का?"

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"त्यायनंच सांगितलं ना. ऑटो येईपर्यंत फोन ठेवलाच नाही त्यायनं. मी रडून राहिली होती, तर मले बोलण्यात गुंतवलं. म्हणे, बाई, फाइल हातात हाये का? दिसाले कशी हाये? मी म्हटलं, हिरवी हाये, पानं हायेत तिच्यावर, कडुनिंबाचे. तर म्हणे, चांगली हाये का? मी म्हटलं, हो, चांगली हाये. तर म्हणे, माह्या पोट्टीनं काढली ते."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं. चूक कोणाची तेही. आईला त्यांनी गप्प बसवलं होतं ते मला कामाचा त्रास होऊ नये म्हणून नाही. त्यांनाही तीच भीती होती जी मला होती. माझी नोकरी जाईल म्हणून माझा बाप घरात बसून एका दवाखान्याचे फोन उचलत होता. आणि मी इथं दोन दिवस गप्प होते ते स्वतःसाठी. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. शबानादीदीनं कूलर मोठा केला, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

महिना अखेरीला नंदूभाऊंनी पक्कं केल्याचं काही सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी एका शाळेचं काम माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "डमी लाल. घाण दिसू दे." त्याला आता तीन वर्षं होतील. माझी खोली आहे, गॅस आहे, ओळखीचा भाजीवाला आहे. भीती गेलेली नाही. अजून प्रत्येक काम छपाईला जाताना मी सगळे नंबर दोनदा लावून बघते, आणि आता मला ती भीती कामाचाच भाग वाटते.

छापखान्याची चूक नव्हती, हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलं नाही. दिवाळीला जाते तेव्हा आम्ही दोघं एसटीच्या बदललेल्या वेळापत्रकावर बोलतो.

वर्गातल्या तुम्ही सगळ्या विचारता, आता घर म्हटलं की काय आठवतं. मला आमची गल्ली आठवत नाही, अंगण आठवत नाही. माझं कुठलंच काम ज्यांनी तोवर पाहिलं नव्हतं ते बाबा दिसतात, फोन कानाला लावून, एका रडणाऱ्या अनोळखी बाईला विचारताना, की माझ्या पोरीनं काढलेली पानं चांगली दिसतात का.