पवनचक्कीची वाट मावशीच्या हरभऱ्यातून

लोणारचं सरोवर पाहायचं हे दर हिवाळ्यात ठरायचं आणि दर हिवाळ्यात राहून जायचं. यंदा सुलतानपूरहून कमलमावशीचा फोन आला, "आमच्या माळावर पंखेवाले येऊन राह्यले. मंग सारा माळच पालटन. येनं असन त आताच ये!" कमलमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, शेतीत मुरलेली आणि भलती तोंडाळ. पंखे म्हणजे पवनचक्क्या हे कळायला मला जरा वेळ लागला, बॅग भरायला मुळीच लागला नाही.

संभाजीनगरहून जालना, सिंदखेडराजा करत मेहकरकडे जाणारी एसटी घ्या, ती सुलतानपुरात सोडते. लोणार तिथून जवळच. सकाळची गाडी असेल तर उजवी खिडकी टाळा, ऊन थेट तोंडावर येतं. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून वाचलेल्या पैशांची मी वाटेत भजी हाणली.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि काकांबरोबर शेतात गेले. हरणांना अडवायला हरभऱ्याभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या. लग्नातला शालू सोडून मावशीचं सगळं कपाट तिथे वाऱ्यावर फडफडत होतं! वर गायरानात हरणांचा कळप चरत होता, मधोमध पिळदार शिंगांचा काळवीट. मी आनंदाने उड्याच मारायला लागले.

"नाचू नको वं, पयतीन थे," मावशी ओरडली.

तेवढ्यात कंपनीची सर्व्हेवाली तरुण इंजिनिअर धापा टाकत आली. पंखे माळावर नेण्याच्या रस्त्यासाठी तिने गायरानात लाल चिंध्यांच्या खुंट्या ठोकल्या होत्या. आता तिथे एकही नव्हती. आम्ही सगळ्यांनी एकदमच मावशीच्या कुंपणाकडे पाहिलं. साड्यांना आधार देत त्या खुंट्या कशा ऐटीत उभ्या होत्या!

"मले वाटलं, हरनं भ्यावं म्हनून सरकारनं देल्या," मावशी म्हणाली. "चांगल्या सरळ व्हत्या, चिंधीसगट."

इंजिनिअर आधी चिडली, मग बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. पण मापं पुन्हा घ्यायची होती आणि मावशीने संधी साधली. "नवीन मापतेस त गायरान सोड ना बाई. रस्त्यानं गवत गेलं त सारा कळप आमच्या वावरात येईन. मंग साडी काय करन त्याले?"

"काकू, मलाही गायरान नको आहे. नकाशात तुमच्या शेतांमधून पांदण आहे, मोठी गाडी जाईल एवढी रुंद. जमिनीवर कुठे आहे ती?"

काका एकदम आभाळ न्याहाळू लागले. पांदण म्हणजे सगळ्यांची बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंच्या लोकांनी दर साली वखर जरासा आत घालून ती गिळून टाकली होती, आणि तिच्यावरच मावशीचा सगळ्यात जोमदार हरभरा डोलत होता. गायरान वाचवायचं तर तो पट्टा सोडायला हवा होता. त्या रात्री मावशी अर्ध्या जेवणावरून उठली. मला पहिल्यांदाच तिची काळजी वाटली.

सकाळी काकांनी पांदणीवरच्या सगळ्यांना शेतात रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, ते कुस्करून वर तूप, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. इकडे आलात आणि रोडगे न खाता गेलात तर तुमची ट्रिप फुकट गेली असं समजा! पंगतीत चर्चा मात्र एकाच जागी अडली.

"आधी तू सोड."

"काऊन? आधी तुह्यं दाबलेलं काढ!"

मावशी तुपाच्या हातानेच उठली. पहिली खुंटी उपटली, साडीसकट ओढत आत नेली आणि दगडाने ठोकली. तिचा भरल्या घाट्यांचा हरभरा कुंपणाबाहेर राहिला. "अवं, जेवन त होऊ दे!" काका म्हणाले, पण तिने दुसरीला हात घातला होता. मग पलीकडचा शेजारी उठला, मग सगळेच. मीही मदतीला धावले आणि जांभळ्या नऊवारीत गुंतून पालथी पडले. एवढं हसले की पोट दुखलं. मावशीचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

सरोवरही पाहिलं. सकाळी लवकर जा, पाणी आणि काठी सोबत ठेवा, चढ दमवतो.

घरी आल्यावर ओळखीचे विचारतात, पवनचक्क्या चांगल्या की वाईट? मला अजून नक्की सांगता येत नाही. रस्ता पांदणीनेच ठरला आणि गायरान राहिलं, एवढं मला ठाऊक आहे. परवा मावशीला फोनवर विचारलं, बाहेर राहिलेला हरभरा कापून घेतलास ना?

"हरनानं खाल्ला. सारा फस्त."

"अगं, आणि आतला?"

"आतल्याले तोंडबी नाई लावलं," मावशी म्हणाली. "साडीच्या आत आपलं, भायेर त्याइचं. जनावराले समजलं, आमालेच उशीर लागला."